जरा चाखून सांगा

३ फेब्रुवारी, सोमवार

दुकानाला सुट्टी. सकाळी चहा झाल्यावर हिनं माझ्यासमोर एक कांदा, एक सुरी आणि लाकडी फळी ठेवली आणि म्हणाली, "आजपासून स्वयंपाक तुम्ही करायचा. मी सांगेन तसं करा."

मला वाटलं, थट्टा करतेय. या स्वयंपाकघरात मी आजवर पाणी पिण्यापलीकडे हात हलवलेला नाही, आणि तेसुद्धा पेला कुठे असतो ते विचारून. कारण विचारलं तर म्हणाली, "उभं राहून गुडघे दुखतात." कालच ही बाई दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढली आणि वर आल्यावर मलाच म्हणाली, धापा कसल्या टाकताय. पण तिच्यापुढे मी कधी जिंकलोय?

कांदा कापला. म्हणजे आधी बोट कापलं, कांदा मागाहून. माझा धंदा वस्तऱ्याचा. दाढी करताना डाव्या हाताची बोटं सरळ ठेवून गालाची कातडी ताणून धरायची आणि वस्तरा त्यांच्या जवळून न्यायचा, ही हाताला लागलेली सवय. कांद्याला गाल नसतो हे हाताला कोण सांगणार? तुरटीचा खडा फिरवून रक्त थांबवलं. ही हसली नाही. माझी बोटं धरून त्यांची टोकं आत वळवली आणि म्हणाली, "मूठ अशी अर्धी मिटायची. पातं या पेरांना टेकून खालीवर जाईल, टोकांना लागणार नाही." खरंच लागलं नाही. कांदा मात्र असा कापला गेला की एखादं गिऱ्हाईक तसं डोकं घेऊन माझ्या दुकानाबाहेर पडलं असतं तर मी गाव सोडलं असतं.

दुसरा नियम तिनं लगेच घातला. शेगडीपाशी बोलायचं नाही. "तुम्ही बोलायला लागलात की तुमचे हात थांबतात आणि भांड्यातलं जळतं." आता ज्या माणसाचा सगळा जन्म खुर्चीमागे उभं राहून बोलण्यात गेला, त्यानं हे सगळं पोटात कुठे ठेवायचं? म्हणून ही डायरी. एका गिऱ्हाइकानं दिलेली खणात कोरी पडून होती, तीच काढली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अंडं उकडलं. गार पाण्यात सोडायचं आणि मग गॅस लावायचा. उकळत्या पाण्यात वरून टाकलं तर तडकतं, हेही करून पाहिलं. तडकलेलं मी खाल्लं, न तडकलेलं हिला दिलं. मला फार बरं वाटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भात. तांदूळ धुवायला सांगितले आणि ही बाहेर कपडे वाळत घालायला गेली. धुणं म्हटल्यावर माझे हात सुरू झाले. दहा बोटांनी मुळापासून चोळायचं, वर-खाली, कानामागे, मग भरपूर पाणी. ही परत आली तेव्हा मी तांदळाला तिसऱ्यांदा चोळत होतो.

"अहो, त्याला कोंडा झालाय का?" म्हणाली.

दाणे मोडून त्यांची कणी झाली होती. तांदूळ हळूच फिरवायचे, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा घ्यायचं, एवढंच असतं म्हणे. मग पाणी किती, ते दाखवलं. बोटाचं टोक तांदळाला टेकवायचं आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी येऊ द्यायचं. उकळी आली की आच अगदी बारीक, वर झाकण, आणि झाकण उघडून बघायचं नाही. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. मी चार वेळा उघडलं.

भात चिकट झाला. ही म्हणाली, "पहिल्या दिवशी चिकटला तर चालतं. चाखून सांगा, आतून कच्चा आहे का?"

मी चाखून सांगितलं, नाही. मग ती जेवली.

९ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभरात एक गोष्ट कळली. हिच्या शिकवण्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द 'चाखा' आहे. कांदा परतला, चाखा. पाणी घातलं, चाखा. मीठ घातलं, ढवळून, थांबून, परत चाखा. "एकदा चाखून भागत नाही. शिजताना चव बदलत जाते, तिच्या मागे मागे जावं लागतं." मी म्हटलं, तूही चाखून बघ. तर म्हणाली, "शिकणाऱ्यानं चाखायचं असतं. शिकवणाऱ्याला ठाऊक असतं."

एवढी वर्षं मी जेवलो ते जेवताना बोलायला मिळतं म्हणून. ताटात काय आहे ते तोंडाला कळायच्या आत गिळलेलं असायचं. आता चमचाभर रस्सा तोंडात धरून उभा राहतो आणि ती माझ्याकडे अशी बघत असते की परीक्षेचा निकालच लागायचाय.

आणखी एक. आज दुकानातून आलो तो हात न धुताच आत गेलो. एरवी ही मला कोपरापर्यंत हात धुवून, सदरा बदलल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावू देत नाही. माझ्या दाढीच्या लोशनचा तिला तिटकारा. "तुमचं दुकान दाराबाहेर," हे वाक्य लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ऐकतोय. आज बोललीच नाही. मीच जाऊन हात धुतले, पण चुकल्यासारखं वाटत राहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शेजारच्या शिंपी मास्तरांना सांगितलं, घरात माझी शिकवणी चालू आहे. आम्ही दोघं दुपारी डबा एकत्र खातो, कधी त्यांच्या मशीनपाशी, कधी माझ्या खुर्चीपाशी. वाटलं होतं हसतील. तर मास्तर सुईत दोरा ओवता ओवता थांबले.

"माझ्या मावशीनं असंच केलं होतं," म्हणाले. "काकांना सगळं शिकवलं. बटणं लावणं, भात लावणं, दुधाचा हिशोब. आम्ही म्हणायचो, मावशीला हौस आलीय. तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आम्हाला तिनं कळू दिलं नाही. काकांना पहिलं कालवण धड जमलं आणि महिन्यात मावशी गेली."

मग त्यांनाच वाटलं असावं की भलतंच बोललो, कारण म्हणाले, "वहिनींचं तसं काही नसणार रे. गुडघेच असतील."

घरी आलो. हिनं आपली अत्तराची छोटी कुपी खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकल्याचं समजलं. का दिलीस विचारलं, तर म्हणाली, "मला काय करायचीय आता."

आता. हा एकच शब्द घेऊन बसलोय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानातल्या आरशात समोरचा अख्खा रस्ता दिसतो. गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवत होतो आणि आरशात ही दिसली. समोरच्या इमारतीत डॉक्टरांचा दवाखाना आहे, त्याच्या जिन्यावरून उतरत होती. चांगली शाल पांघरलेली. खाली येऊन क्षणभर उभी राहिली, नाकावरून हात फिरवला आणि भरभर चालायला लागली. रडली असणार.

संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज कुठे बाहेर गेली होतीस?"

"दोरा आणायला."

मी पुढे काही विचारलं नाही. विचारलं आणि तिनं सांगितलं तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. दुकानात दिवसभर एकाशीही बोललो नाही. कोणाला सांगणार आणि कोणत्या तोंडानं?

ती नसेल तर मी या घरात कसा राहीन? भात-भाजीचं सोडा. मी दारातून आत आलो की कोणाला सांगणार, आज काय झालं ते?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल रात्री एक विचार आला आणि सकाळी जाग आली तरी तो शहाणपणाचाच वाटला.

हिचा स्वभाव मला पक्का माहीत आहे. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकून ती जागची हलणार नाही. एकदा भावाच्या घरी जायचं होतं, गाडीची वेळ झाली, तर विणत असलेल्या स्वेटरची बाही राहिलीय म्हणून हिनं जाणं रद्द केलं. म्हणजे मला जोवर स्वयंपाक येत नाही, तोवर ही कुठेही जायची नाही.

मास्तरांच्या काकांनी एकच चूक केली. ते शिकले.

मी शिकणार नाही. बघतोच ती कशी जाते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बटाट्याची भाजी. तेलात लसूण टाकला, तो तांबूस व्हायच्या आत बटाटे घालायचे असतात हे मला आता चांगलं कळतं, म्हणून तो काळा होऊ दिला. मग मीठ. ही खिडकीपाशी बसून मटार सोलत होती. तिची पाठ फिरल्याचं बघून एकदा घातलं, परत घातलं, आणि एवढ्यानं काय होतंय म्हणून मूठभर आणखी.

"चाखलंत?" तिनं विचारलं.

"चाखलं. बरोबर आहे."

जेवायला बसलो. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं खारट. ही शांतपणे जेवत होती. ताटातली सगळी भाजी संपवली. पुन्हा थोडी घेतली. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जमलं की हो तुम्हाला. आता काही काळजी नाही."

ही मला कशालाही पास करायला निघालीय. सगळा जन्म चवीत उन्नीस-बीस चालू न देणारी बाई, मिठागर गिळते आणि शाबासकी देते. इतकी घाई झालीय तिला?

१७ फेब्रुवारी, सोमवार

परवाचीच उरलेली भाजी काल डब्यात होती. मास्तरांनी घास घेतला आणि तसेच उठून दारात जाऊन थुंकले. परत येऊन लोटाभर पाणी प्यायले.

"हे तू केलंस होय?" म्हणाले. "मला वाटलं वहिनींनीच केलंय. राग मानू नकोस, पण गेले काही आठवडे वहिनींचाही हात इकडेतिकडे जात होता. कधी अळणी, कधी हे असं. म्हटलं, घरात भांडण असेल."

मी चिडलो. हिच्या हाताला नावं ठेवणारा आजवर जन्माला आला नाही. मास्तरांची जीभच आता म्हातारी झालीय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दार उघडून आत आलो तर घरभर धूर. घेवडा शिजायला ठेवलेलं पातेलं खालून कोळसा झालेलं, आणि ही तिथेच, शेगडीला पाठ करून, हातभर अंतरावर डाळ निवडत बसलेली. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली. ती इतकी दचकली की डाळ सांडली.

"कळलंच नाही," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ पातेलं घासत राहिली. मी म्हटलं दे इकडे, तर दिलं नाही.

मन कुठे होतं तिचं? तिथेच असणार, जिथलं ती मला सांगत नाही.

लेकीचा फोन आला. ३ मार्चला सुट्टी काढून जावयांना घेऊन येतेय. "आईच्या हातचा घेवड्या-बटाट्याचा रस्सा खायचाय," म्हणाली. ही फोनवर "ये गं, ये" म्हणाली, आणि फोन ठेवून तिथेच बसून राहिली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते सगळं लिहायलाच हवं.

दुकानात लोशनचा मोठा कॅन असतो, त्यातून मी छोट्या बाटल्या भरतो. आज तो हातातून निसटला आणि सगळा माझ्या अंगावर उपडा झाला. सदरा, पॅन्ट, चपला, सगळं चिंब. मास्तर नाकाला फडकं लावून धावत आले आणि शिवायला आलेल्या कपड्यांना वास लागेल म्हणून आपल्या दुकानाचं दार लावून घेतलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी फुटपाथवर जाऊन उभं राहिलं. तिथेच त्याची उरलेली दाढी केली आणि घरी निघालो. जिन्यात खालच्या बाई भेटल्या, त्या भिंतीला चिकटल्या.

मी मनाशी म्हटलं, आज काही खरं नाही. ही मला दारातच अंघोळ घालणार.

हिनं दार उघडलं. "आज लवकर आलात?" म्हणाली, हातातली पिशवी घेतली आणि आत गेली.

मी तिच्या मागोमाग तसाच स्वयंपाकघरात गेलो. अगदी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. माझ्याच डोळ्यांची आग होत होती. ती कोथिंबीर निवडत होती.

"काही वास येतोय का गं?" मी विचारलं.

तिचे हात थांबले. "येतोय की," म्हणाली. "छान येतोय. रस्सा चांगला शिजलेला दिसतोय."

शेगडीवर नुसतं पाणी तापत होतं. तिनं ते पाहिलं. मग माझ्या भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि बोटानं तो चाचपला. मग खाली बसली.

"डिसेंबरातला तो ताप," ती म्हणाली. "गेला तो नाक आणि जीभ घेऊन गेला. तिखट तेवढं झोंबतं. गरम-गार कळतं. बाकी सगळं कापूस चावल्यासारखं. डॉक्टर म्हणतात, येईल परत, नाहीतर नाही येणार. त्यांनाच माहीत नाही."

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच म्हणजे?"

"म्हणजे दुसरं काही नाही ना? तू कुठे जाणार नाहीस?"

"मी कुठे जाऊ?"

आणि मला हसू आलं. आवरेचना. भांड्यांच्या फडताळाला धरून हसत राहिलो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वाटत होतं की आत्ता रस्त्यावर जाऊन प्रत्येकाची फुकट दाढी करावी. डोळे पुसून पाहिलं तर ही तिथे नव्हती. आतल्या खोलीचं दार बंद होतं.

दाराआडून आवाज आला, "माझा स्वयंपाक गेला, आणि तुम्हाला हसू येतंय."

२२ फेब्रुवारी, शनिवार

बोलत नाही. चहा मी केला. तिनं घेतला, पण माझ्याकडे न बघता.

माझं चुकलं. मला ती मिळाली म्हणून मी हसलो, आणि तिचं काय गेलं हे विचारायचं राहून गेलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दुकान बंद करून घरी आलो आणि तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. मास्तरांची मावशी, दवाखान्याचा जिना, अत्तराची कुपी. मी मुद्दाम शिकत नव्हतो, तेही सांगितलं.

ती ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "थांबा. म्हणजे ते बटाटे खारट होते?"

"तोंडात धरवत नव्हते."

"किती घातलं होतं मीठ?"

"मूठभर. वर आणखी."

"आणि मी तुम्हाला शाबासकी दिली," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी हसली. हसता हसता कधी रडायला लागली ते मला कळलंच नाही. मी तिचा हात धरून बसलो. दुसरं काही सुचलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?" शेवटी विचारलं.

"तुम्हाला सांगून? संध्याकाळपर्यंत तुमच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला कळलं असतं. तुमच्या पोटात तीळ भिजत नाही. मग बाजारात बायका विचारणार, नाक आलं का हो? लेकीला कळलं की ती रजा घेऊन येऊन बसणार, नाहीतर मला तिकडे नेणार." जरा थांबली. "आणि ती येते ती माझ्या हातचं खायला. मी काही शिकलेली नाही, नोकरी केली नाही. दुसरं काय आहे माझ्याकडे तिला द्यायला? म्हटलं, तुम्हाला तयार करावं. हात कुणाचे का असेनात, पण चाखायला तुमची जीभ तरी हाताशी असेल."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझी जीभ कोणाच्या उपयोगी पडेल, असं आजवर कोणीच म्हणालेलं नाही. लोक तिच्यापासून पळतात.

"तू सांग, मी करतो," म्हटलं. "आणि अवाक्षर कुठे बोलणार नाही."

तिनं माझ्याकडे जसं पाहिलं, ते इथे लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सुट्टी. सकाळपासून रस्सा. आता खरा शिकतोय.

कांदा तेलात टाकल्यावर ती डोळे मिटून ऐकते. "आता चरचरतोय, म्हणजे पाणी आहे अजून. आवाज खाली बसू दे. हं, आता." नाक गेलं तरी कान शाबूत आहेत. आणि डोळे तर विचारूच नका; टोमॅटोच्या कडेनं तेल सुटलं की तिला खुर्चीतून दिसतं. राहिला वास आणि चव, ते खातं माझ्याकडे.

"कसा वास येतोय?"

"चांगला."

"चांगला म्हणजे काय? कच्चा, गोड, करपट?"

मी उभा राहून विचार केला. गिऱ्हाइकाशी दिवसभर बोलून एवढे शब्द खर्च केले, आणि कांद्याच्या वासाला माझ्याजवळ एकही नव्हता. शेवटी म्हटलं, "मघाशी डोळ्यांत जात होता, आता जात नाही. जरा गोडूस आहे. उन्हात वाळलेल्या टॉवेलसारखा."

"बरोबर," म्हणाली. "आता टोमॅटो घाला."

पहिला रस्सा पाणचट झाला. दुसऱ्यात घेवडा कच्चा राहिला; घेवड्याला वेळ लागतो, तो आधी टाकायचा आणि बटाटा मागून, हे मी उलटं केलं. तरी दुपारी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा तेच जेवलो. जेवताना ती विचारत होती, कसा लागतोय, आणि मी सांगत होतो. टोमॅटो आंबट आहे पण दात आंबत नाहीत. लसूण नंतर येतो, गिळल्यावर. ती मान हलवत खात होती. मधेच म्हणाली, "तुम्ही सांगितलंत की थोडं आठवतं."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तर म्हणाले, "तुझी तब्येत बरी आहे ना? चार दिवस झाले, घरचं काही बोलत नाहीस." मी म्हटलं, हवा बदललीय. एका गिऱ्हाइकानं सरळ विचारलं, वहिनींनी आज डब्यात काय दिलंय. ओठ दाताखाली धरले आणि त्याच्या डोक्यावर पाण्याचा फवारा मारला.

डबा मीच केला होता. मास्तर तीन घास घेऊन म्हणाले, "वहिनींचा हात परत आला रे." मी भिंतीकडे तोंड करून जेवलो. यापेक्षा उपास सोपा.

३ मार्च, सोमवार

लेक-जावई आले. ते यायच्या आधीच रस्सा, भात आणि काकडी तयार होती. हिनं मला सदरा बदलायला लावला, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, आणि माझ्या बोटावरची नवी पट्टीही काढायला लावली. "लेकीसमोर तोंडातून अक्षर नाही," म्हणाली. सकाळपासून तिचे हात गार होते.

शेवटचं मीठ बघताना मी तीनदा चाखलं. आणखी चिमूटभर घातलं, थांबलो, पुन्हा चाखलं. "बरोबर आहे," म्हटलं. "नक्की?" तिनं विचारलं. तिच्यापाशी पडताळून बघायला दुसरं काही नव्हतं, माझ्या शब्दाशिवाय. "नक्की," म्हटलं.

वाढलं हिनंच. लेकीनं भात कालवला, घास घेतला आणि डोळे मिटले. मी श्वास धरून बसलो.

"आई," म्हणाली, "तुझ्या हातची चव ती चव. मी सगळं तुझ्यासारखंच घालते, पण हे येतच नाही."

जावयांनी न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पहिल्यांदा वाढलेलं त्यांच्या ताटात शिल्लकही नव्हतं.

जन्मात पहिल्यांदा माझ्या हातच्या जेवणाचं कोणी कौतुक करत होतं, आणि मला ते माझं आहे असं म्हणायची सोय नव्हती. मी पाणी प्यायलो. काकडी खाल्ली. परत पाणी प्यायलो. लेक विचारायला लागली, घेवडा इतका मऊ कसा झाला, आणि तरी मोडला कसा नाही. मला उत्तर पाठ होतं, जिभेच्या टोकावर होतं, मी ते घासाबरोबर गिळलं.

"बाबा आज एवढे गप्प का?" लेकीनं विचारलं.

"दाढ दुखतेय त्यांची," ही म्हणाली.

मी गालाला हात लावला आणि मान हलवली. ही माझ्याकडे बघत राहिली. तिनं घास उचलला, परत ताटात ठेवला.

"मी नाही केलेलं हे," ती म्हणाली. "ह्यांनी केलंय. सगळं."

लेक आधी हसली. मग आईचं तोंड बघून थांबली. मग हिनं सांगितलं. ताप, नाक, जीभ, करपलेलं पातेलं, सगळं साध्या आवाजात सांगितलं. लेकीनं तिचा डावा हात धरून ठेवला होता. जावई खाली ताटात बघत होते. "एवढे दिवस लपवलंस," लेक रडक्या आवाजात म्हणाली, "मग आज कसं सांगितलंस?"

"ह्यांचं तोंड बघ," ही म्हणाली. "हे असे गप्प बसलेले मला बघवेनात."

लेकीनं नाक पुसलं, ताट पुढे ओढलं, पुन्हा एक घास घेतला आणि या वेळी माझ्याकडे रोखून बघत सावकाश चावला.

"बाबा," म्हणाली, "मीठ थोडं कमी वाटतंय हं."

मघाशी बोटं चाटत होती. मी तोंड उघडलं. तीनदा चाखलं होतं, सांगणार होतो. पण ही माझ्या आधी बोलली.

"मीठ अगदी बरोबर आहे," म्हणाली, आणि भातावर आणखी रस्सा वाढून घेतला.